धाकट्या जावयाचं दळण

अप्पा,

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि आज तुमचा सल्ला हवा आहे. हयात होतात तेव्हा तो न मागता मिळायचा आणि नको असायचा. मी सौदीत आहे, जुबैल नावाच्या समुद्रकाठच्या गावात, आणि इथे युद्ध चालू आहे. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या आहेत, न्हाणीघरातला टब पिण्याच्या पाण्याने भरून ठेवला आहे, भारतीय शाळा बंद आहे. म्हणजे संस्कृतात एम.ए. करून परदेशात सातवीला हिंदीचं व्याकरण शिकवणारी तुमची धाकटी मुलगी घरी बसली आहे. समोर तुमची नात गॅस मास्कचा खोका मांडीवर घेऊन गणितं सोडवते आहे. वर्णसंकर हा शब्द मला तुम्हीच समजावून सांगितला होता. तो आता चौदा वर्षांचा आहे, अप्पा, आणि त्याला बीजगणितात पैकीच्या पैकी मिळतात. तुमचा धाकटा जावई समुद्रावर गेला आहे. खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे, आणि समुद्रात सुटलेल्या तेलाचा तवंग किनाऱ्याने खाली सरकतो आहे. तो कारखान्याच्या पाणी ओढणाऱ्या नळांत शिरू नये म्हणून ही मंडळी दिवसदिवस तरंगते अडसर लावत बसतात.

सल्ला युद्धाबद्दल नको आहे. ते माझ्या हातात नाही. एका गावाबद्दल हवा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत एक लहानसं गाव आहे, त्यात एक कॉलेज आहे, आणि त्या कॉलेजाने याला शिकवायला बोलावलं आहे. घर मिळेल, लेकीला शाळा मिळेल, सायरन नसेल. सोबत एक रंगीत पुस्तिका आली आहे आणि एक गोड पत्र: आमचं गाव सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतं. हा काळा अमेरिकन, मी सावळी देशस्थ, मुलगी दोघांच्या मधली. असं घर त्या गावात कुठे बसेल, हे पुस्तिकेत नाही. याचा जन्म उत्तरेतल्या मोठ्या शहरातला, पण सासूबाई मूळच्या त्या बाजूच्या. त्या फोनवर म्हणाल्या, "मी अठराव्या वर्षी एक बॅग घेऊन तिथून निघाले. तुम्ही माझ्या नातीला घेऊन परत कशाला जाताय?" फोन ठेवल्यावर हा म्हणाला, "तू ठरव. तुझ्या वडिलांसारखी चौकशी कर." उत्तराचा फॅक्स शनिवारी जायचा आहे.

इथे असा प्रश्न पडत नाही. इथे तुमचं स्वागत आहे का, असं कुणी विचारत नाही नि सांगत नाही. राहण्याचा परवाना असतो, त्याला इकामा म्हणतात. त्यावर तारीख असते, ती संपली की खलास. एका अर्थी बरं असतं ते. कुणी प्रेम करील अशी अपेक्षा नसली की माणूस शांत झोपतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला तारखेवर वाढवता येत नाही.

तेव्हा तुमच्यासारखी चौकशी. आपल्या गावातल्या अर्ध्या स्थळांची चौकशी तुमच्याकडे यायची. हायस्कुलातला संस्कृतचा मास्तर, खोटं बोलणार नाही, असा लोकांचा समज. (तुम्ही बोलायचात. पण शुद्ध बोलायचात, म्हणून खपायचं.) तुमचे नियम मला पाठ आहेत. घराची माहिती घरात विचारू नये, शेजारी विचारावी. उत्तर ऐकू नये, उत्तराआधी माणूस किती थांबतो ते बघावं. थांबला तर तिथे काहीतरी आहे. आणि लगेच बोलला तर पाठ करून ठेवलेलं बोलतोय. त्या कसोटीने गोड पत्र पहिल्या ओळीतच नापास झालं.

शेजार मला दुकानाच्या पायरीवर मिळाला. लेकीला घेऊन दूध आणि मेणबत्त्या घ्यायला गेले होते. नमाजाची वेळ झाली, दुकानदाराने शटर ओढलं, आणि वीस मिनिटं बाहेर बसणं आलं. शेजारी एक अमेरिकन सार्जंट, तिशीतली, काळी, गणवेशात, बुटांवर वाळू. ती मूळची कुठली ते विचारलं, तर त्याच गावापासून अर्ध्या तासावरची! दैवाला कधीकधी विनोदबुद्धी असते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, माणसं कशी आहेत?

"चांगली आहेत, मॅम. पहिल्या आठवड्यात केक आणून देतील. दोन्ही बाजूंचे लोक."

"दोन्ही बाजू म्हणजे?"

"रेल्वेच्या रुळांच्या. मधून रूळ जातात. कॉलेज एका बाजूला."

"मग आम्ही कुठल्या बाजूला राहायचं?"

ती थांबली. बुटाच्या टोकाने वाळूत एक रेघ ओढली आणि पुसली. "ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, मॅम. घरं दाखवायला कुठे नेतात त्यावरून कळेल."

"आणि हिचं?" मी लेकीकडे बोट केलं.

आता ती माझ्याशी बोललीच नाही, सरळ लेकीशीच बोलली. "जेवणाच्या सुट्टीत कुठल्या टेबलावर बसायचं, ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागेल तुला. दुसऱ्या टेबलावरचं कुणी वाईट बोलणार नाही हां. फक्त नंतर सरकून जागा करणार नाही." मग माझ्याकडे वळून हसली. "मी मात्र हे संपलं की घरी जाणार आहे. शिव्या देते त्या गावाला, पण ते माझं आहे. तुमच्या गावी कसं झालं, मॅम? नवऱ्याला पहिल्यांदा घरी नेलंत तेव्हा?"

"फार छान," मी म्हणाले. "वडिलांनी चांदीच्या ताटात वाढलं."

शटर वर गेलं, दूध मिळालं, मेणबत्त्या संपल्या होत्या. घराच्या वाटेवर लेक म्हणाली, "आई, यू सेड दॅट व्हेरी फास्ट." तुमचे नियम तिला गोष्टी म्हणून सांगण्याची चूक माझीच.

चांदीचं ताट खोटं नाही. पूजेच्या पेटीतलं एकुलतं एक ताट तुम्ही त्या मे महिन्यात पंधरा दिवस याच्यासमोर मांडलंत. शाळेमागच्या आपल्या दोन खोल्या, बाहेर पडवी, पडवीत एकच खुर्ची, तीही याची. दुष्काळात विहिरी खणायला आलेला हा परदेशी, पुण्यात माझ्याकडूनच मराठी शिकलेला. "कृपया" म्हटल्याशिवाय याला रिक्षा थांबवता यायची नाही, आणि तुम्हाला कोण कौतुक त्याचं. ताईचे यजमानही तेव्हा आले होते. त्यांना मात्र तुम्ही एक दिवसाआड दळणाचा डबा देऊन गिरणीत पिटाळायचात, आणि एकदा बाजरीवर गहू दळून आणले म्हणून असं फैलावर घेतलंत की ताई हसता हसता रडली. "जावई आहात का पाहुणे? गिरणीवाल्याला विचारता येत नाही, आधी काय दळलं म्हणून?" थोरले जावई मान खाली घालून उभे, आणि चेहऱ्यावर काय समाधान! घरातल्या माणसालाच बोलणी बसतात. धाकट्याला पंधरा दिवसांत ना डबा मिळाला ना बोलणी. इतकी वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत आले, तुमची थट्टा करत: आमचे अप्पा, चांदीचं ताट दिलं, पण पत्र्याचा डबा द्यायला धजले नाहीत.

सार्जंटबाईंनी वाळूत रेघ ओढली तेव्हा मला डबाच आठवला. तुम्ही फळीवरून काढलेला. कारण काढलात ना तुम्ही, अप्पा. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी. डबा खाली घेतलात, झाकण पुसलंत आणि म्हणालात, "आज धाकट्यांना पाठवतो. रांगेत उभे राहतील, चार लोकांत मिसळतील, गाव बघेल आणि गप्प बसेल." आणि मी चुलीपाशी होते, मी तुमचा हात धरला. नका पाठवू म्हटलं. गिरणीच्या रांगेत सगळे टक लावून बघतील, पोरं मागे लागतील, मला नाही सहन व्हायचं. तुम्ही मला विचारलंत, "भीती वाटते, की लाज?" मी लगेच म्हणाले, "भीती." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत, डबा परत फळीवर ठेवलात आणि त्यानंतर पेटीतून ताट काढलंत. तुमच्यापुरता तोच निकाल होता.

आणखी एक आहे. हा तेव्हा पडवीत खुर्चीवर बसला होता, दार उघडं होतं, आणि आपण मराठीत बोलत होतो. घरातलं बोलणं परक्यासमोर मराठीत केलं की झाकून राहतं, ही सवय. आणि त्याला मराठी मीच शिकवली होती. दोन दिवसांनी त्याने तुम्हाला विचारलं, "अप्पा, कृपया, दळण मी आणू का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ताक घुसळत राहिले. "छे छे, तुम्ही बसा," म्हणालात, आणि तो बसला. त्याने ऐकलं होतं का, हे मी त्याला सोळा वर्षांत विचारलेलं नाही.

दुकानाच्या पायरीवरच माझं ठरलं होतं: कॉलेजाला नकार. गाव तसलं, रूळ मधून जाणारे, मुलीला कुठलं टेबल. चौकशी चोख झाली होती. फक्त ही चौकशी करणारी बाई कोण, ते कुणी विचारलं नव्हतं. ते घराच्या वाटेवर तुमच्या नातीने विचारलं, त्या एका वाक्यात. शनिवारचा फॅक्स आता मी एकटी ठरवणार नाही. हा आल्यावर आधी त्याला दळणाचं विचारीन, मग गावाचं. तो जिना चढतोय. तेलाचा वास त्याच्या आधी आत येतो. लेकीने वही मिटली आहे.

हे पत्र पाठवायचं नाही, ते तुम्हालाही कळतंच आहे. पुस्तिकेत घालून ठेवते. पण त्या सकाळी तुम्ही विचारलं होतंत आणि मी लगेच उत्तर दिलं होतं. आता सोळा वर्षं थांबून देते.

लाज, अप्पा.