दाजींच्या पेटीचा वरचा सा

सेलू,
मंगळवार

ती. दत्तोपंत दाजींना रंगनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलाय, गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात अर्ध्यावरच अडकला असं समजावं.) लीलाअक्काची तब्येत बरी आहे हे परवा फोनवर कळलं, पण तिच्या आधी मालिकेतल्या सासूची कळली. तुमचा टीव्ही बोरीत लागतो आणि मला सेलूत ऐकू येतो. माझे कान तिखट आहेत हे खरं, भोंगे भाड्यानं देऊन त्याच कानांवर पोट भरलंय, तरीपण.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. ते शेवटी सांगतो. आधी तुमच्या पेटीचं.

दिवाळीत तुम्ही जाहीर केलंत की पेटीचे वरचे सूर मेले. परभणीच्या पेटीवाल्यानं भाता तपासला, सूर साफ केले आणि "मास्तर, पेटीला काहीच झालं न्हाई हो" म्हणाला, तर तुम्ही त्यालाच बहिरा ठरवून मोकळे झालात. तेव्हापासून गुरुवारच्या भजनाला तुम्ही बसत नाही. तुमच्या जागी ग्रामपंचायतीतला अवधूत वाजवायलाय. माणूस गुणी, पण मंडळी आरती उरकून प्रसादाला लागली तरी त्याचं कडवं संपलेलं नसतं. "दुसरी पेटी बघ, नाहीतर माझं वाजवणं संपलं," असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी तुमची पेटी नमुन्याला सेलूला आणली आणि दुसरीच्या शोधाला लागलो.

स्वरदानं (माझी लेक, पुण्यात असते, गाण्यापेक्षा गाण्याच्या यंत्रांचा नाद जास्त) माझ्या लॅपटॉपात एक सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. म्हणजे पडद्यावर एक रिकामं कपाट. त्यात खोकी मांडायची. एक खोकं कच्चा आवाज काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं भात्यासारखा दम भरतं. खोक्याखोक्यांत वायरी ओढल्या की वाद्य तयार. दाजी, लग्नांत वायरी ओढण्यात जन्म गेला, पण जिच्यात पाय अडकून एकही वऱ्हाडी पडत नाही अशी वायर पहिल्यांदाच बघितली. पहिल्या दिवशी मी मांडवाच्या सवयीनं (एक सुटली तर दुसरी असावी म्हणून) सगळी खोकी सगळ्यांना जोडून टाकली. कापसाच्या जिनिंगमध्ये रेडा शिरावा तसा आवाज निघाला. आतून आमची मंडळी विचारती झाली, "अहो, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का?"

आता खरी गंमत. ही खोकी, तयार वाद्यंसुद्धा, जगभरचे हौशी लोक आपापल्या घरी बसून बनवतात आणि फुकट ठेवून देतात. धान्याच्या मोंढ्याशेजारी दुकान टाकलेल्या माणसाला फुकट म्हटलं की आधी पोतं उलटं करून बघावंसं वाटतं. तसं मी बघितलं. एकाचं वर्णन पानभर, आवाजच नाही. एकाचं नाव राजासारखं, आवाज डबड्यासारखा. शेवटी मोंढ्याचाच कायदा लावला. नाव वाचायचं नाही, मूठभर माल बाहेर काढायचा, म्हणजे एक सूर दाबून डोळे मिटायचे. आणि खाली लोकांच्या तक्रारी बघायच्या. जिथं लोक कुरकुरतायत आणि बनवणारा न चिडता उत्तरं देतोय, तो माल चांगला. जिथं कुणी कुरकुरलंच नाही, तो कुणी वापरलेलाच नाही.

असा मला फिनलंडचा एक गृहस्थ सापडला. त्याच्या वाद्याला भाता आहे, आणि भाता थकला की सूर खरोखर मलूल होतो. मी खूश! पण एवढं घ्यायचं आणि आहेर नाही? आपल्याकडं पाणी पाजणाऱ्यालाही मांडवात टॉवेल-टोपी असते. पार्सलचा खर्च ऐकून मी टॉवेल, टोपी, नारळ ताटात मांडून फोटोच त्या तक्रारींखाली टाकला. तिथल्या सगळ्या मंडळींत खळबळ. कुणाला वाटलं नवं खोकंच आलं. गृहस्थानं उलट आपला फोटो धाडला, दोन्ही कान झाकणारी केसाळ टोपी घालून. टोपी आहे, टॉवेल चालेल, म्हणे. आणि आहेरच करायचा तर तुमच्याकडचं एक वाद्य या ढिगात ठेवा, आमच्यात हीच रीत.

त्यानंतर मी तुम्हाला मोबाइलवर नमुने धाडत गेलो. पहिल्याला तुम्ही दबका म्हणालात, दुसऱ्याला सर्दी झालेला. मग मी फिनलंडच्याच वाद्याचे वरचे सूर इतके चढवले की गल्लीतली कुत्री उठून बसली, आणि शेजारचे आश्रुबा काठी घेऊन दारात आले. त्यावर तुमचं उत्तर आलं, "आत्ता कुठं पेटी बोलली!" त्यानंतर आणखी एक धाडला, त्याला तुम्ही पत्र्याचा डबा म्हणालात, फुकटचा माल असाच असणार.

असो. अक्काला नमस्कार. टीव्हीलाही.

तुमचा (बराचसा) आज्ञाधारक,
रंगनाथ

ता. क. तो पत्र्याचा डबा म्हणजे तुमचीच पेटी. दुकानात तिच्यापुढं माईक ठेवून मीच वाजवली. वरचा सा लख्ख आहे, दाजी.

दुसरा ता. क. शनिवारी परभणीला कानाच्या डॉक्टरांकडं वेळ घेतलीय. नाव माझं दिलंय. रंगनाथचे कान गेले, सोबतीला दाजी हवेत, असं अक्काला सांगून ठेवलंय. "भोंग्यांनी खाल्ले गं बाई पोराचे कान," म्हणून ती रडवेली झाली. माझ्या धंद्याची अब्रू गेली, पण तुम्हाला नाही म्हणायची सोय उरली नाही. आधी मी तपासून घेतो, मग तुम्ही. यंत्र लावायला लागलंच तर हल्ली एवढंसं येतं. तरी लाज वाटली, तर फिनलंडहून तसली टोपी मागवू.

तिसरा ता. क. ढिगात ठेवायला मी नाव नोंदवून टाकलंय, 'बोरीची पेटी'. एकेक सूर माईकपुढं नीट वाजवायचाय. माझ्या बोटांनी वाजवला तर फिनलंडपर्यंत तक्रारी जातील. आणि अवधूत म्हणतो, काकांना आणा, माझं मलाच ऐकवंना.

शेवटचा ता. क. फोनवर हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं असतं, म्हणून पत्र. तुम्हीही मनातच वाचा. हल्ली तुम्ही पुटपुटतोय असं समजून जे वाचता, ते अख्ख्या बोरीला ऐकू जातं.