पंकजाची दिष्ट

३ फेब्रुवारी

लय आनंद. आमची नात पंकजा मोबाईलात दिसली, भाषन करताना. पुन्याला लॉ कॉलेजात प्रोफेसर हाय. आधी पेपरात होती, अजूनबी लेख लिवती. लोक मोबाईलवर एकमेकाला काय काय बोलतेत, कुठवर बोलू द्यावं, शिवी दिली तर कायदा काय म्हनतो, ह्याचा अभ्यास करायली. शेजारची छबूबाई म्हनली, शिव्याचा अभ्यास करायला पुन्याला कशाला गेली, तुमच्यापाशी ऱ्हायली असती तर घरबसल्या झाला असता. जळती मेली.

भाषनाखाली लोकांनी नुसतं वा वा लिवलेलं. धस्स झालं. एवढी तारीफ म्हंजी नजर लागनारच.

४ फेब्रुवारी

माझ्याआधीची भावंडं गेली, म्हनून आईनं माझं नाव कडूबाई ठिवलं. कडू लेकराकडं कोनाची नजर जात न्हाई. म्हनून मी अजून हाय.

ठरलं. रोज पंकजाला कडू बोलून तिची दिष्ट काढायची. मोबाईलात बोललं की आपोआप लिवल्या जातंय. फोटू पोखर्णीच्या नरसिंहाचा लावला, नावाच्या जागी बी नरसिंहच टाकलं. आपलं नाव सांगून काढलेली दिष्ट लागू पडत न्हाई. तिच्या भाषनाखाली पैली वळ टाकली: "काय ती काळी, नकटी! हिला अक्कल तरी हाय का?" बोलताना डोळ्यात पानी आलं. लय देखनी दिसत होती.

२१ फेब्रुवारी

एक दिवस चुकवला न्हाई. पंकजाचा फोन न्हाई. फुरसत नसंल. मी बी करनार न्हाई, कामाच्या मानसाला कशाला तरास. मला काई एकटं वाटत न्हाई. टीव्ही चालूच असतो.

संध्याकाळी. केला फोन. मीटिंगमधी हाय म्हनली.

१२ मार्च

तिचा नवा लेख लोकांनी उचलून धरला. मंग मी बी जोर वाढवला. "हिचं तोंड बंद करा कोनीतरी. वाटोळं हो हिचं." छातीवरचा दगड उतरल्यावानी झालं. छान भूक लागली. एकटीपुरतं काय करायचं, म्हनून च्या पिऊन झोपले.

१८ एप्रिल

पंकजा नरसिंहाच्या जत्रेला येनार! मेसेज आला. गादी उनात टाकली, कुरडयाचा डबा खाली काढला. छबूबाई म्हनली, आली म्हंजी बोलवा मला, तवर नका सांगू. खुशीत दोनदा दिष्ट काढली. वरून एक वळ जास्तीची: "जत्रेला ये, मंग तुझी खैर न्हाई."

९ मे

पंकजाचा फोन. आपनहून.

म्हनली, आजी, एक मानूस तीन महिने झाले रोज घान बोलायलाय. देवाचा फोटू लावून. वर्गात पोरांना शिकवताना त्याचंच उदाहरन देते. बोली आपल्याच भागातली हाय, आन आता जत्रेत बघून घेतो म्हनायलाय. ब्लॉक केलाय, पर भ्या वाटतंय गं. ह्या वर्षी येत न्हाई. तू बी दार लावून घेत जा.

सांगनारच होते. व्हटावर आलं होतं. पर काढलेली दिष्ट सांगितली की उलटती. बरं केलंस मेल्याला ब्लॉक केलं ते, म्हनले.

छबूबाईला सांगितलं, कॉलेजात जरुरी काम निघालं. टोमना न मारता तिनं भाजीची वाटी आनून दिली. ते बरं न्हाई वाटलं.

गादी गुंडाळून ठिवली.

पर कायबी म्हना, पोरगी कधी न्हाई ते एवढा येळ बोलली. आन समदं माझ्याबद्दलच.