उसवलेली अक्षरं

प्रिय चिमे (आज फारशी प्रिय नाहीस, पण पत्राला सुरुवात तर करायला हवी),

मी तिकडे जपानला येऊन हरवेन, असं तू दादाला सांगितलंस म्हणे. आईला पाटी वाचता येणार नाही, दार ढकलायचं की ओढायचं कळणार नाही, मग मी काम सोडून तिला शोधत फिरू का, असंही म्हणालीस. मी काय बाजारात सुटलेलं पोर आहे? चौथीत शाळा सुटली माझी, डोकं नाही सुटलं.

तर ऐक. जपानी शिकायचं तुझं जुनं पुस्तक तू इथेच टाकून गेलीस, ते मी उघडलं. वाटलं, कोळ्यांनी जाळी विणून ठेवलीत. मिटून टाकलं. मग डोक्यात आलं, नव्या तऱ्हेचा झगा हातात आला की मी काय करते? उसवते. बाही वेगळी, गळा वेगळा, मग कळतं कसा बेतलाय. या अक्षरांचंही तेच. माणूस आणि शेजारी झाड, झाली विश्रांती. धनुष्य आणि बाजूला उभी काडी, म्हणजे ओढा. हे दारावर असतं. कळलं बरं का मला दार! छपराखाली बाई, म्हणजे निवांतपणा. हे ज्याने ठरवलं तो दिवसभर घराबाहेर असणार.

चुकलेही. उसवताना शेवटची शिवण आधी काढायची असते, तसं मी प्रत्येक अक्षर शेवटच्या रेघेपासून उलटं लिहीत होते. वरच्या मजल्यावरची मास्तरीण मुलीचा फ्रॉक न्यायला आली, तिने पुस्तकातले रेघांवरचे आकडे पाहिले आणि पोट धरून हसली. म्हणाली, काकू, उसवणं पुरे, आता शिवायला लागा. तेव्हापासून सरळ लिहिते.

पुस्तकाच्या क्रमाने मात्र गेले नाही. डोंगर, नदी, फुलं राहू देत. मी एकच जात धरली. एक वाकडी चौकट असते, ती म्हणे पलंगावर पडलेला आजारी माणूस. दुखणं, थकवा, आजार, सगळी त्याच चौकटीत. दवाखान्याच्या पाटीवरही तीच. आता लांबून ओळखते.

का, ते तुला कळलं असेल. मागच्या वेळी मूल पोटातच गेलं, तेव्हा तुझा नवरा कामावर बोटीवर आणि तू दवाखान्यात एकटी. मला फोन केलास तो सगळं उरकल्यावर. आई, तू येऊन काय करणार होतीस, तुला तर पाटीही वाचता येत नाही, असं म्हणालीस. आणि खरंच होतं ते. आता पुन्हा तुला दिवस गेलेत, हेही दादाकडून कळलं. चिमे, डॉक्टर काय बोलतील त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. पण तुझ्या खाटेपर्यंत मी कुणाला न विचारता येईन. येऊ की नको, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला कळव. नको म्हणायचं असेल तर दुसरं कारण शोध.

रागावलेली, तरी तुझीच,
आई