काउंटरवर ओतलेला रस्ता

प्रिय शहाण्या,

मंगळवार, चौदा तारीख, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. गाडी तुझ्या नावावर, म्हणून टायरवाल्याने तुला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच स्टुलावर बसले होते, हे तुला ठाऊक नव्हतं. "आई बाजारापलीकडे जाते कुठे? तिने निवडलेले रद्द करा, साधे बसवा, आणि तिला काही बोलू नका." वा रे वा! टायरवाला बिचारा माझ्याकडे बघेना.

चौतीस वर्षं मी हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळला, चार टायर निवडता येणार नाहीत मला? पहिल्या दिवशी त्याने "आजी, हे घ्या" म्हणत चिखलात चालणारे जाडजूड टायर दाखवले. दिसायला पैलवान, वर आलेला रबराचा एकेक गुट्टा माझ्या मुठीएवढा. मी विचारलं, ओल्या दगडावर हे काय करतील? तो म्हणाला, कुठल्या दगडावर? म्हणून पुढच्या खेपेला दगडच नेले. आमच्या हॉस्पिटलची औषधं घेऊन जो ड्रायव्हर नदीपलीकडे जातो, त्याच्याकडून मागवले: पात्रातले गोटे, पुढच्या चढावरचे सुरीसारखे कपचे आणि डब्यात थोडी चिकणमाती. सगळं काचेच्या काउंटरवर ओतलं. "हे काय?" "रस्ता. याला चालतील असे दाखवा." तेव्हापासून आजीची मॅडम झाले.

मग काय सांगू, फार मजा आली. चिखलाच्या टायरला खाचा रुंद असतात, त्यातून चिखल बाहेर फेकला जातो; पण दगडावर टेकायला रबर कमी उरतं. डांबर, दगड, माती सगळंच थोडंथोडं झेपणारी एक मधली जात असते, ती माझ्या कामाची. कपचे टायरचा तळ नाही, बाजू फाडतात, म्हणून बाजू जाड हवी. गोट्यांवर हवा जरा कमी करायची, मग टायर पसरून दगड धरतो, अनवाणी पाऊल धरतं तसा. आणि बाजूवर चार आकडे असतात, कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. त्याने आधी दाखवायला काढलेले टायर पाच वर्षं दुकानात पडून होते! मुदत संपलेली बाटली मी कधी वॉर्डात येऊ दिली नाही. परत पाठवले, ताजे मागवले. नर्सिंगच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, बारीक अक्षर आधी वाचा. ते तुम्ही वाचू नये म्हणूनच बारीक असतं.

एवढं सगळं तू एका वाक्यात रद्द केलंस. घरी येऊन चप्पलही न काढता पत्र लिहायला बसले. ते पहिलं पान फाडलं, तू वाचलास. कारण लिहिता लिहिता आठवलं, टायरवाल्याने तुला आधी दगडांची गंमत सांगितली होती आणि तू हसला नव्हतास. "कसले दगड?" असं विचारलंस. त्याने गोटे, कपचे, माती असं सांगितल्यावर "नदीपलीकडचा चढ?" हे तूच म्हणालास, त्याने नदीचं नावही काढलं नव्हतं. बाजाराचं पुढे केलंस ते त्यानंतर. म्हणजे तो रस्ता तुझ्या ओळखीचा आहे. किती वर्षं जातो आहेस रे, मला न सांगता?

नदीपलीकडे तुझी ताई जनावरांचा दवाखाना चालवते, हे मला त्या ड्रायव्हरकडून कळलं. तिला दोन वर्षांची मुलगी आहे, हेही त्याच्याकडूनच. सहा वर्षांपूर्वी तिने निवडलेल्या मुलावरून मी तिला म्हणाले होते, त्याच्याशी लग्न केलंस तर या घरात पाऊल ठेवू नकोस. आणि त्या पोरीने जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. तू मला खड्ड्यांपासून वाचवत नव्हतास, तिला माझ्या जिभेपासून वाचवत होतास. बरोबर केलंस, हे मी एकदाच लिहीन. मला तिची माफी मागायची आहे, दारात उभं राहून. आत बोलावलं तर आत जाईन. पण न विचारता जाणार नाही. हे पत्र तिला नेऊन दे. मी येऊ का, एवढंच विचारायचं आहे. उत्तर लेखी हवं, तुझ्या नव्हे, तिच्या अक्षरात, शुक्रवार चोवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. तोवर टायरवाल्याने माझे टायर बाजूला ठेवले आहेत. तिने "नको" लिहिलं, तर साधे बसवून घेईन आणि बाजारात जाईन.

तुझीच,
आई