होऊन गेलेला मधुमेह

३ जानेवारी, सकाळी ७.१०. नव्या वहीला समास आखत आहे.
काल रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर ११८. वय एकतीस. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. मनावर घेतलंत तर टळेल. रोज अर्धा तास भरभर चालणे, पाच किलो वजन कमी, रात्री जेवल्यावर एक गोळी. वडिलांना आहे का, विचारले. आहे म्हटले, साखरेनेच अण्णांची दृष्टी गेली. बाईंनी चिठ्ठीवर गोळीखाली दोन रेघा ओढल्या.
उद्यापासून सुरू.

४ जानेवारी. आज शनिवार. चांगल्या सवयी सोमवारी लागतात.

९ जानेवारी. चालण्याचे बूट आणले. चावतात. टाच बरी झाली की सुरू.

१७ जानेवारी. रिपोर्ट नीट तपासला. दहावी नापास असलो तरी छापखान्यात ह्रस्व-दीर्घ मलाच विचारतात. खाली शेरा आहे, 'पूर्वमधुमेह'. पूर्वजन्म म्हणजे होऊन गेलेला जन्म. पूर्वज म्हणजे होऊन गेलेली माणसे. तेव्हा मला मधुमेह होऊन गेला. कळलेही नाही.
ताईला समजावले. ती म्हणाली, मग परीक्षेची पूर्वतयारी निकालानंतर करतात का रे, शहाण्या?
अपवाद असतात.
गोळ्यांची एक्स्पायरी पाहिली. दोन वर्षे आहेत. घाई नाही.

२ मार्च. फेब्रुवारीत चालणे : दोनदा. पैकी एकदा बस चुकली म्हणून.

२१ एप्रिल. वजनकाटा आणला. सहा किलो कमी, काहीही न करता! तहान खूप लागते, पण पाणी चांगलेच. रात्री चारदा उठावे लागते, तेवढेच चालणे होते. ताईला काटा दाखवला. ती हसली नाही. अण्णांचंही असंच उतरलं होतं, म्हणाली. अण्णा आतून म्हणाले, गोळी घेत जा रे. त्यांनाही नेऊन काटा दाखवला. त्यांना दिसत नाही हे नंतर लक्षात आले.

११ जून. नवी शाई फिकट आहे. मालकांना सांगितले. ते म्हणाले, शाई तीच, दिवा तोच. बदललं असेल तर तुझंच काहीतरी.
दिवा बदलायला हवा.

८ ऑगस्ट, दुपारी ४. मालकांनी बोलावले. एका कंपनीची स्मरणिका, दोन हजार प्रती. मुखपृष्ठावर 'स्थापना दीन'. प्रुफावर सही माझी. मालक रागावले नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. वाच, म्हणाले. 'दिन' वाचले. पुन्हा वाच. पुन्हा 'दिन'. मग अक्षरावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारले, वेलांटी पहिली की दुसरी?
मला वेलांटीच दिसत नव्हती.

९ ऑगस्ट. उपाशीपोटी २३१. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायला सांगितले आहे.
खर्च : बूट २,४००, काटा ९५०, तपासण्या १,१००, गोळ्या ६२ (पाकीट न फोडलेले). एकूण ४,५१२.
देणे : मुखपृष्ठाची फेरछपाई ९,०००, पगारातून.
आकडे ताईकडून वाचून घेतले.