निरोप दिलेला पाहुणा

मंगळवार, ४ जून

घसा बसलाय! सकाळी एक निरोप, दुपारी दुसरा. बेटावरच्या आमच्या रिसॉर्टातून पाहुणा निघाला की सगळ्यांनी गायचं, आणि निरोपाच्या गाण्याची सुरुवात माझी. मी पहिली ओळ उचलली की मगच स्वयंपाकघर, बाग, बोटवाले, सगळे मागून येतात. आणि रडायचं. पाहुण्यांना ते फार आवडतं. मला हुकमी रडता येतं, कांदा लागत नाही.

इसोआ म्हणाला, "वासिती, तुझ्या डोळ्यांना नळ बसवलाय का गं कोणी?" हा आमचा बोटवाला, आणि माझा मामेभाऊ — म्हणजे थट्टा करायचा त्याचा हक्कच. मी म्हटलं, "तुझ्या तोंडाला झाकण बसवतील त्या दिवशी माझा नळ बंद."

लिटियाचा व्हिसा आला. पुढच्या शनिवारी पोरगी निघणार. ब्रिस्बेनला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. इथे काय म्हाताऱ्यांचा दुष्काळ पडलाय! पण तिला जायचंय. म्हणते, "आई, माझ्या वेळी गा, पण पाहुण्यांसाठी रडतेस तसं खोटं रडू नको हं." — खोटं कशाला रडेन!

बुधवार, ५ जून

व्हिटेकर आजोबा उद्या जाणार. अ‍ॅडलेडचे, एकटेच आलेत. पाठ उन्हानं भाजून निघालीय, पण पाण्यातून बाहेर यायचं नाव नाही. रोज सकाळी विचारणार, "शार्क कुठे आहे?" आणि इसोआ रोज सांगणार, "ऑफिसात बसलाय, खुर्चीवर." (आमचे मॅनेजर कॅलम साहेब, त्यांनी ऐकलं तर कल्याण आहे.)

खिंडीपाशी कासव दिसतं असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. प्रवाळाच्या कड्यात ती एकच फट. भरतीला तिथे पोरंसोरं डुंबतात. ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी तिथूनच बाहेर धावतं — आणि माणूस सापडला तर माणसासकट! मी रोज नाही म्हणते. आज म्हणाले, "तुम्ही माझ्या बायकोपेक्षा कडक." मी हसून म्हटलं, "मग त्यांनाच आणायचं ना बरोबर!"

"ती गेली हो. मार्चमध्ये."

जीभ चावली. मग नारळ फोडून दिला त्यांना. दुसरं काय करणार!

माझं काम किनाऱ्याचं. पाण्यात उतरताना पाहुण्यानं आपल्या खोलीचा रंगवलेला शिंपला फळीवर टांगायचा, बाहेर आला की काढायचा. फळी रिकामी तर मी सुखी. जाताना शिंपला आठवण म्हणून देऊन टाकतो. आजोबांचा निळा आहे.

गुरुवार, ६ जून

माणूस जिवंत आहे. आधी ते लिहिते, मग बाकीचं.

सकाळी आजोबांना निरोप दिला. हार घातला, किल्ली घेतली, निळा शिंपला पिशवीला बांधला, गायलो. आजोबा खरंच रडले. आणि धक्क्यावर गेल्यावर कळलं की वारा वाढलाय, पलीकडच्या मोठ्या बेटावरून, नांदीहून, बोट येतच नाही! आले बिचारे पिशवी घेऊन परत.

आता निरोप दिलेला माणूस परत आला की आमची मोठी पंचाईत होते. डोळ्याला डोळा कसा भिडवायचा? खोल्या झाडणाऱ्या बायकांवर देखरेख करते ती लुसियाना मावशी, तिनं तर तोंडावरच हात ठेवला. "अगबाई! गाऊन पाठवलेल्याला परत 'बुला' म्हणून स्वागत करायचं का गं?" त्यांची खोली गळक्या खोलीतल्या एका जोडप्याला देऊन झालेली. पिशवी ऑफिसच्या ओट्यावर ठेवली. जेवायला त्यांचं ताटच मांडलं नव्हतं, मग घाईघाईनं मांडलं. आमच्या सगळ्यांच्या लेखी ते गेले होते. माझ्याही!

दुपारी रविवारच्या चर्चच्या गाण्यांची तालीम. जाताना फळीकडे बघितलं — रिकामी. निवांत गेले आणि मोकळ्या गळ्यानं गायले.

परत किनाऱ्यावर आले तर वाळूत हार पडलेला. सकाळी मीच ओवलेला, फुलं मलूल झालेली. मनात म्हटलं, बघा, गेले ते गेले आणि हार इथेच टाकून गेले, काय एकेक माणसं असतात! दोन पावलं पुढेसुद्धा गेले. मग मागे वळले. गेले कुठे? ते तर इथेच आहेत! हाराखाली घडी केलेला शर्ट, शर्टाखाली चपला. आणि ओहोटी लागलेली.

शिटी फुंकली, फुंकली, फुंकली. इसोआ अर्ध्या चड्डीवर धावत आला. बोट कशी ढकलली आठवत नाही. खिंडीत लाल झेंड्याचा खांब आहे, त्याला आजोबा मिठी मारून! पाय प्रवाळावर घासून फाटलेले, ओठ पांढरे. इसोआनं काखेत हात घालून ओढलं, मी पाय धरले. बोटीत पडल्यापडल्या म्हणाले, "कासव दिसलं."

मी त्यांना मारणारच होते! तेवढ्यात हळूच म्हणाले, "मी हाका मारल्या हो. तुम्ही गात होतात."

शुक्रवार, ७ जून

कॅलम साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच गेले.

"फळीवर शिंपला नव्हता?"

"नव्हता."

"का नव्हता?"

"आम्ही त्यांना निरोप दिला होता."

साहेब सिडनीचे. त्यांना हे कुठून कळणार! "अगं पण माणूस इथेच होता ना!" होता आणि नव्हता. बरोबरच बोलत होते ते.

दुपारी मावशीनं यंगोनाचं मूळ आणलं (माफी मागताना आमच्यात तेच पुढे ठेवायचं), आणि आम्ही सगळे माफी मागायला आजोबांपुढे चटईवर बसलो. ते खुर्चीवर, दोन्ही पायांना पट्ट्या. चूक खांब धरणाऱ्याची नाही, आमची; पाहुणा आमच्या ओटीत होता आणि आम्ही त्याला विसरलो, असं मावशी मान खाली घालून बोलली. आजोबा कावरेबावरे. "अहो उठा, उठा! गाढव मी आहे!"

मावशीनं दटावलं, "गप्प बसा आणि मूळ हातात घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही, गुडघे गेलेत माझे."

घेतलं. दोन्ही हातांनी. मग साहेबांना म्हणाले, "हार ओळखला तो हिनंच. हिला काढलंत तर मी खोली सोडणार नाही." खोली कुठली यांना! काल मावशीच्या घरी झोपले होते.

नोकरी राहिली. घरी येऊन लिटियाला मिठी मारली तर म्हणते, "आई, मासळीचा वास येतोय तुला."

शनिवार, ८ जून

साहेबांचा नवा नियम: बोट लाल झेंड्यापलीकडे जाईपर्यंत पाहुण्याचा शिंपला कोणी द्यायचा नाही. आणि गायचंही नाही. इसोआ कुरकुरला, "मग तिथून ऐकणार कोण, मी आणि मासे?"

रविवार, ९ जून

चर्चमध्ये आजोबांसाठी प्रार्थना झाली. ते म्हणाले, कासवासाठीही करा.

सोमवार, १० जून

वारा पडला. आजोबा गेले — खरोखर!

धक्क्यावर निळा शिंपला माझ्या हातात ठेवला. "हा फळीवरच राहू दे."

"असं कसं? मग तुम्ही पाण्यातच आहात असं होईल."

"होऊ दे. कोणीतरी वाट बघतंय एवढं तरी राहील." मग डोळा मिचकावून, "आणि गाणं जरा जपून हं, बाई!"

बोट झेंडा ओलांडून गेली तेव्हा सुरुवात केली. रडू आणलं नाही. बोट ठिपका होईपर्यंत नजर हलवली नाही, ओळी चुकल्या तरी. इतकी वर्षं मी गाऊन हात झटकत होते हे आज कळलं. गाणं गोड आहे म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

निळा शिंपला लावलाय. येता-जाता तिकडे नजर जाते, आणि बरं वाटतं.

गुरुवार, १३ जून

लिटियाची बॅग. स्वेटर बाहेर, मिरच्यांची बाटली आत. मी परत स्वेटर आत टाकला. "आई, गाशील ना?"

गाईन की!

शनिवार, १५ जून

लिटियाची बोट झेंड्यापलीकडे गेली. आता गायचं. सगळे रांगेत उभे, माझ्या तोंडाकडे बघताहेत. मावशीनं कोपर मारलं, "उचल की गं!" तिकडे ती बोटीत उभी राहून वाट बघत होती.

मी सुरुवात केली नाही. हात हलवत राहिले, दिसेनाशी होईपर्यंत. मग फळीवर निळ्याच्या शेजारी लिटियाच्या नावाचा एक शिंपला टांगला आणि घरी आले. हलकं वाटतंय.