दोन्ही पोती

प्रिय रोपवाली,

हे नाव प्रयोगशाळेत सरांनी तुला चेष्टेने ठेवलं होतं. रोपवाटिका काढून तू ते खरं केलंस. परवा तुझी धाकटी बहीण दुकानात भेटली. ‘ताईला हल्ली जेवायलाही फुरसत नसते,’ म्हणाली. ऐकून बरं वाटलं आणि लगेच मनात आलं, हे बरं वाटणं नक्की कुणाच्या सोयीचं? माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप तीनदा ओढून पाहणारी मी. तू मला शंकासुर म्हणायचीस. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीच्या तिन्हींत मी फार चांगली दिसत होते, म्हणून फाडली.

आपली प्रयोगशाळा नव्या इमारतीत चालली आहे. खिडकीजवळचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. अगदी खालच्या कप्प्यात तुझ्या बाटल्या निघाल्या. अकरा वर्षं स्पिरिटमध्ये बुडून राहिलेली मुळं आणि झाकणांवर तुझं किरटं अक्षर. टाकून द्यायच्या ढिगाकडे त्या दोनदा नेल्या आणि दोनदा परत आणल्या.

तू म्हणायचीस, गवत एकटं जगत नाही. त्याच्या मुळांत बुरशी राहते. ती लांबलांबून पाणी आणि पोषण ओढून आणते, बदल्यात गवताकडची साखर खाते. मी तिला भाडेकरू म्हटलं, तर तू उसळलीस, ‘भाडेकरू कसली गं, जाऊबाई आहे ती! कुरकुरेल, पण तिच्यावाचून घर चालायचं नाही.’ हेच दाखवायला तू जुन्या कुरणातली माती दोन पोत्यांत भरून आणलीस. एक पोतं वाफेत शिजवून त्यातली बुरशी मारायची, दुसरं जिवंत ठेवायचं. जिवंत मातीतलं गवत दुप्पट वाढेल, असं तू भर बैठकीत छातीठोकपणे सांगितलंस. चार महिन्यांनी दोन्हीकडची रोपं सारखीच खुरटी. सर म्हणाले, ‘जाऊबाई माहेरी गेल्या वाटतं.’ सगळे हसले. मीही हसले. तू मुळं रंगवून बघू म्हणालीस, तर रोपंच सारखी असताना मुळांत काय बघायचं, म्हणून त्यांनी विषय संपवला. तू मुळं बाटल्यांत भरलीस आणि दोन महिन्यांनी राजीनामा दिलास. कायम होणारी तुझी जागा मला मिळाली. जाताना तू तुझं भिंग माझ्या हातात ठेवलंस. ते मी रोज वापरते.

तर ती मुळं मी रंगवली. शाई आणि व्हिनेगर, तू शिकवलंस तसंच. बुरशी असली की मुळाच्या आत निळे धागे दिसतात. शिजवलेल्या पोत्यातली मुळं कोरी निघाली, ते बरोबरच होतं. जिवंत पोत्यातलीही कोरी. शाई बिघडली असेल, म्हणून अंगणातलं ताजं गवत उपटून रंगवलं. निळे धागे दिसले. स्पिरिटने काही झालं असेल, म्हणून कुरणातून तू त्याच वर्षी थेट आणून स्पिरिटमध्ये ठेवलेली मुळं रंगवली, तीही निळी. तीन दिवस मी शाईवर, व्हिनेगरवर, काचेवर शंका घेत राहिले. एकाच गोष्टीवर घेतली नाही. चौथ्या दिवशी त्या वर्षीची डायरी काढली.

मला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. तू तापाने घरी होतीस. मी लिहिलंय: ‘पोत्यावरची चिठ्ठी भिजून पुसट झाली आहे. कुठलं वाफवायचं ते कळेना. शंका नको म्हणून दोन्ही वाफवली. पाठ भरून आली, पण तिचं काम हलकं झालं.’

ही माझ्या हातून झालेली चूक. नवखेपणाची, चांगल्या हेतूची. इथे थांबले असते, तर या पत्रातही मी चांगलीच दिसले असते. म्हणून त्या बैठकीच्या तारखेचं पान उघडलं. मी रोज लिहिते, आई गेली त्या दिवशीही लिहिलं होतं. त्या पानावर फक्त तारीख आहे. हसताना मला पोती आठवली होती का? आता ठामपणे सांगता येत नाही. पण काहीच आठवलं नसतं, तर मी ते पान कोरं का सोडलं असतं?

काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘आता हे उकरून कुणाचं भलं होणार? टाका त्या बाटल्या.’ ऐकून मला इतकं हायसं वाटलं, की बाटल्या घेऊन मी दारापर्यंत गेलेही. त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली, म्हणून हे पत्र. तुझं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं, ते तपासलंच गेलं नव्हतं. आणि त्याच्या बदल्यात मी नोकरी केली. क्षमा मागत नाही, त्या मागण्यातही माझीच सोय आहे. सोबतच्या खोक्यात बाटल्या आहेत, भिंग आहे आणि डायरीतली दोन्ही पानं. सरांच्या वरच्यांना दाखव, जाळ, काहीही कर. प्रत ठेवलेली नाही. ती पानं माझ्याकडे राहिली, तर आठवड्याभरात त्यांच्यावरही मी शंका घेईन.

तुझीच,
शंकासुर